शोभणे आणि बसणे : पिंपरी-चिंचवडच्या पेहरावाविषयी

मराठीत कपडा 'बसतो' आणि कपडा 'शोभतो'. बसण्याचा निवाडा अंग करते. खांद्यावर शिवण ओढली गेली की ते लगेच कळते. शोभण्याचा निवाडा मात्र बहुधा दुसऱ्याच्या डोळ्यांकडे असतो. शिवाय हे क्रियापद कपड्यांपुरते राहत नाही. 'तुला हे शोभत नाही' असे आपण रंगाविषयी जितक्या वेळा म्हणतो त्याच्या कितीतरी पट अधिक वेळा वागण्याविषयी म्हणतो. ते वयाला शोभत नाही, घराण्याला शोभत नाही, बाईच्या जातीला शोभत नाही. सौंदर्य आणि पायरी या दोहोंसाठी भाषेने एकच शब्द वापरावा, हा निव्वळ योगायोग नसावा असे आम्हाला वाटते.

हे सारे मनात येण्याचे निमित्त साधे होते. आम्ही आकुर्डीजवळच्या एका महाविद्यालयात शिकवतो. मुलाखतींचा हंगाम सुरू झाला की तेथील सूचनाफलकावर एक कागद लागतो : फिक्या रंगाचा पूर्ण बाह्यांचा शर्ट, गडद पँट, काळे बूट, मुलींनी 'साधा' पोशाख करावा. साधा म्हणजे कोणता, याचा खुलासा त्या कागदावर कधीच नसतो. तो कागद वाचून एक विद्यार्थी तास संपल्यावर आमच्याकडे आला आणि म्हणाला, "सर, इथे काय घालायचं ते कळलं. पण आपल्याला काय शोभतं, हे माणसाला कळतं कसं?" मुलगा चाकणजवळच्या गावातला. त्याचे वडील एका कारखान्यात कंत्राटी कामगार आहेत आणि वर्षातले तीनशे दिवस त्यांच्या अंगावर एकाच रंगाचा टी-शर्ट असतो. आम्ही काहीतरी थातुरमातुर उत्तर दिले. पुढे बरेच दिवस तो प्रश्न मागे लागला, कारण त्याचे उत्तर शोधताना आमच्याच घरातील दोन पिढ्या डोळ्यांसमोर येऊ लागल्या.

आमचे आजोबा खेड तालुक्यातले शेतकरी. चाकणच्या बाजारात कांदा घेऊन येत तेव्हा त्यांच्या अंगावर धोतर, कुडते, डोक्याला पागोटे आणि खांद्यावर घोंगडी असे. त्यातले शिवलेले वस्त्र एकच. बाकी सारे नेसण्याचे, बांधण्याचे आणि पांघरण्याचे. मराठीने हा भेद नीट राखला आहे : साडी नेसतात, पागोटे बांधतात, दागिना लेतात, आणि शिवलेला असतो तो कपडा घालतात. नेसण्याच्या वस्त्राला माप नसते. तेच धोतर बापाने नेसावे आणि मुलानेही. ते कोणालाही बसते; म्हणूनच ते कोणाला शोभते याचे नियम इतके कडक झाले असावेत. कापड सारखे असले तरी ते गुडघ्यापर्यंत नेसायचे की घोट्यापर्यंत, काठ दाखवायचा की दडवायचा, पागोट्याचा आकार कोणता, यावरून माणूस तोंड उघडण्यापूर्वीच ओळखला जाई.

या ओळखीचा सर्वांत बोचरा तपशील साहित्याच्या अभ्यासकांना ठाऊक आहेच. बेबी कांबळे यांच्या 'जिणं आमुचं' (१९८६) या आत्मकथनात फलटण परिसरातील महार स्त्रियांच्या साडीचा नियम येतो : काठ निऱ्यांच्या आत दडतील अशा रीतीने साडी नेसायची. काठ दिसू देण्याचा मान वरच्या जातींच्या बायकांचा. साडी स्वतःच्या पैशाने घेतलेली, काठही तिचाच, पण तो दिसता कामा नये. समाजशास्त्राच्या जाड ग्रंथांत जे सापडत नाही ते या एका निरीच्या घडीत आहे. वर्गात हा भाग शिकवताना मुली क्षणभर स्वतःच्या ओढणीच्या काठाकडे पाहतात, हे आम्ही अनेकदा पाहिले आहे.

डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या सत्याग्रह परिषदेच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्त्रियांपुढे बोलले. त्या भाषणाचा मोठा भाग कपड्यांविषयी होता. लुगडे नेसण्याची तुमची तऱ्हा ही तुमच्या अस्पृश्यतेची खूण आहे, ती पुसून टाका. कापड फाटके असले तरी चालेल पण स्वच्छ असू द्या. हातभर कथलाचे आणि चांदीचे दागिने घालणे सोडा, असा त्याचा आशय. त्याच मुक्कामात स्त्रियांनी नेसण्याची पद्धत बदलली, आणि परिषदेला आलेल्या काही सवर्ण स्त्रियांनी त्यांना नव्या रीतीने लुगडे नेसवून दाखवले, अशी नोंद आहे. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांच्या 'आम्हीही इतिहास घडवला' (१९८९) या पुस्तकाने आंबेडकरी चळवळीतील ज्या स्त्रियांना बोलते केले, त्यांच्यापर्यंत या बदलाचे धागे येऊन पोहोचतात. चवदार तळ्याचे पाणी इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात येते. लुगड्याची ही गोष्ट सहसा येत नाही.

कोणी म्हणेल, हे तर अनुकरण झाले. वरच्यांसारखे नेसणे म्हणजे स्वतःची शैली नव्हे. आक्षेप वरवर खरा आहे. परंतु ज्याच्या अंगावरचा प्रत्येक पदर दुसऱ्याने ठरवून दिला आहे, त्याने 'स्वतःचे' काही निवडण्याआधी ते ठरवून दिलेले उतरवावे लागते. उतरवण्याच्या त्या क्षणी दुसरे कोणते वस्त्र हाताशी असते? समोर जे दिसते तेच. पिंपरी चौकातील बाबासाहेबांचा पुतळा सुटाबुटातला आहे. १९२१ च्या सप्टेंबरात मदुराईला गांधीजींनी अंगावरचे कपडे कमी करून पंचा स्वीकारला, तो त्यागाचा अर्थ होता. ज्यांना पंचाच नेमून दिला होता त्यांच्या बाबतीत त्याच पंचाला तो अर्थ उरत नव्हता. याच्या उलट एक प्रसंग जोतीराव फुल्यांचा. २ मार्च १८८८ रोजी पुण्यात ड्यूक ऑफ कॅनॉटच्या सन्मानार्थ हरी रावजी चिपळूणकरांनी दिलेल्या मेजवानीला फुले मुद्दाम शेतकऱ्याच्या वेशात गेले आणि समोर बसलेली जरीची आणि जवाहिरांची मंडळी म्हणजे हिंदुस्थान नव्हे, हे त्यांनी राजपुत्राला ऐकवले. 'शेतकऱ्याचा असूड' लिहिणाऱ्या माणसाला शेतकऱ्याच्या अंगावर किती कापड असते याचा हिशेब पाठ होता. फुल्यांनी गरिबाचा वेश चढवला आणि आंबेडकरांनी तो उतरवला. आम्हाला या दोहोंत विरोध दिसत नाही. दोघांनीही 'तुम्हाला हे शोभत नाही' म्हणणाऱ्याला विचारले नाही, एवढे खरे.

पांढरपेशा स्त्रियांचा प्रश्न याहून निराळा होता, पण नियम ठरवणारे तिथेही दुसरेच होते. आगरकरांना 'सुधारका'तून स्त्रियांनी जाकिटे घातली पाहिजेत असा लेख लिहावा लागला. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये अमेरिकेला निघण्यापूर्वी सेरामपूरच्या भाषणात सांगून गेल्या की आपण हिंदू म्हणून जाणार आणि हिंदू म्हणूनच परत येणार, खाण्यापिण्यात आणि पोशाखात बदल करणार नाही. फिलाडेल्फियाच्या थंडीत नऊवारीखाली उघड्या राहणाऱ्या पोटऱ्यांनी या प्रतिज्ञेची परीक्षा घेतली. आनंदीबाईंनी काय केले? त्यांनी झगा घातला नाही आणि हट्टाने कुडकुडतही बसल्या नाहीत. साडीच, पण गुजराती पद्धतीने नेसायला सुरुवात केली. ऑक्टोबर १८८५ चे ते प्रसिद्ध छायाचित्र पाहावे : जपानच्या केई ओकामी, सीरियाच्या सबात इस्लामबूली आणि आनंदीबाई, तिघीही आपापल्या देशाच्या वेशात. आनंदीबाईंचा वेश 'आपल्या देशाचा' खरा, पण तो त्यांच्या माहेरचाही नव्हे आणि सासरचाही नव्हे. वीस वर्षांच्या त्या मुलीने तो परक्या शहरात, हवामान आणि लज्जा आणि शब्द या तिन्हींचा मेळ घालत स्वतः जमवला होता. आपल्याला काय शोभते याचा शोध घेतल्याचे याहून चांगले उदाहरण मराठीत आम्हाला आठवत नाही. 'देश तसा वेश' ही म्हण आपण सोयीने वापरतो; आनंदीबाईंच्या वाट्याला देशही दोन होते.

आता पुन्हा आमच्या पट्ट्याकडे. १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि त्या दशकात टेल्को, बजाज यांच्या कारखान्यांनी पिंपरी ते आकुर्डीची माळराने व्यापली. १९७० मध्ये पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी मिळून नगरपालिका झाली, १९८२ मध्ये महापालिका. या कारखान्यांत सातारा, सोलापूर, अहमदनगर, मराठवाडा आणि खुद्द मावळ-खेडमधून जे तरुण आले ते वर वर्णिलेल्या गावांतूनच आले होते. त्यांच्या गावी कपड्यांचे सारे कायदे पाठ होते. आणि इथे पहिल्याच आठवड्यात भांडार विभागाच्या खिडकीतून हातात आला गणवेश : दोन जोड, एक बुटांचा जोड, छातीवर कंपनीची खूण आणि एक टोकन क्रमांक.

गणवेशाची निकड यंत्रातून निर्माण झाली. फिरत्या पट्ट्यात धोतराचा सोगा किंवा पागोट्याचा शेमला अडकला तर माणूस आत ओढला जातो. म्हणून १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या २२व्या कलमात अशी तरतूद होती की चालू यंत्राची तपासणी, वंगण वगैरे कामे खास प्रशिक्षण घेतलेल्या प्रौढ पुरुष कामगाराने अंगाला घट्ट बसणारे कपडे घालूनच करावीत आणि ते कपडे कारखान्याच्या भोगवटादाराने पुरवावेत. याच कलमाने स्त्रियांना चालू यंत्राला वंगण घालण्यास मनाई केली होती. कायद्याच्या त्या कोरड्या वाक्यात आम्हाला एक मोठे स्थित्यंतर दिसते. कपडा कोणाला शोभतो हे विचारणारा गाव मागे पडला. कपडा अंगाला बसतो की नाही एवढेच विचारणारे यंत्र समोर आले. यंत्राला जात कळत नाही. (मुकादमाला कळते, पण ते असो.)

वडिलांचे एक सहकारी होते, फलटणकडचे. सुट्टीत गावी जाताना ते कंपनीचा गणवेश घालून जात. एसटीत बसतानाही तोच, गावच्या पारावरून जातानाही तोच. आमच्या वडिलांना ती फुशारकी वाटे. घरी हसून सांगत की त्याच्याकडे दुसरे कपडे नाहीत की काय. आम्हीही लहानपणी हसलो आहोत. पुढे कित्येक वर्षांनी 'जिणं आमुचं' वाचताना त्या काठाच्या जागी आम्ही थांबलो आणि ते गृहस्थ आठवले. ज्या पारावरून जाताना त्यांच्या आईला साडीचा काठ दडवावा लागला असेल, तिथून त्यांना छातीवरची खूण उघडी ठेवून जायचे होते. ज्या कपड्याने आमच्या वडिलांची निवड संपवली तोच कपडा त्या गृहस्थांनी निवडला होता. वडिलांना आम्ही हे सांगितले तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तो इस्त्री फार कडक करायचा."

याच पट्ट्याच्या कडेला देहूरोडला २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांच्या हस्ते बुद्धमूर्तीची स्थापना झाली होती, आणि दोन वर्षांनी नागपूरला लक्षावधी लोक पांढरे कपडे घालून धम्मदीक्षेसाठी जमले. ज्येष्ठात देहूहून निघालेली तुकोबांची पालखी याच रस्त्याने येऊन आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात मुक्कामी राहते, तेव्हाही पांढऱ्या धोतर-टोप्यांचा लोंढा कारखान्यांच्या भिंतींना घासून जातो. सारखे कपडे माणसाचे माणूसपण पुसतात, असे आधुनिक टीकाकार सरसकट म्हणतात. त्यांनी हे तिन्ही सारखेपण एकाच रस्त्यावर उभे राहून पाहावे. एक कंपनी देते, दुसरे चळवळ मागते आणि तिसरे माणूस आपणहून वर्षातून पंधरा-वीस दिवस अंगावर घेतो.

गणवेशाने आणखी एक गोष्ट केली, तिची नोंद फारशी कोणी घेतलेली नाही. त्याने उरलेल्या वेळाला वेगळा कपडा मिळवून दिला. शेतकऱ्याच्या अंगावर कामाचे आणि कामानंतरचे कपडे असा भेद फारसा नसतो. फार तर जत्रेचा एक जोड असतो. कारखान्याचा भोंगा वाजला आणि गणवेश खुंटीला गेला की कामगारापुढे प्रश्न उभा राही : आता काय घालायचे? १९७० च्या दशकातील चिंचवड-पिंपरीच्या संध्याकाळी ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना टेरिकॉटचे शर्ट, बेलबॉटम आणि पुढे सफारी सूट आठवतील. फाळणीनंतर सिंधी निर्वासित पिंपरी कॅम्पात येऊन राहिले होते. शून्यातून उभ्या केलेल्या त्यांच्या दुकानांमुळे पिंपरीची कापडबाजारपेठ झाली, आणि शगुन चौकाच्या आसपास दिवाळीच्या बोनसचे रूपांतर ताग्यांत होऊ लागले. घरदार सोडून आलेल्या लोकांनी गाव सोडून आलेल्या लोकांना कपडे विकले, असा हा व्यवहार. त्यात एकमेकांचा गाव विचारण्याची कोणाला फारशी गरज नव्हती.

आमच्या घरी एकाच ताग्यातून आम्हा तिघा भावंडांचे शर्ट होत. धाकट्याला उरलेल्या तुकड्यात बसवायचे, म्हणून त्याचा खिसा नेहमी लहान. शिंपी चिंचवडगावातला. नामदेवांचा अभंग गुणगुणत मापे घेणारा आणि दिलेल्या तारखेला कपडा कधीही न देणारा. 'कसा शिवू?' असे तो विचारी, पण आमच्याकडे न पाहता, वडिलांकडे पाहून. आज तयार कपड्यांच्या दुकानात माप आधी ठरलेले असते आणि आपण त्यात बसतो की नाही ते आरशासमोर तपासतो. जुन्या शिंप्याच्या वहीत मात्र प्रत्येकाचे पान होते. डावा खांदा उतरता, पोट सुटलेले, असे शेरेही असत. तो दस्तऐवज आता कोणी जपून ठेवला असेल असे वाटत नाही.

स्त्रियांच्या बाबतीत इथला इतिहास वेगळ्या वाटेने गेला, आणि ती वाट कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या मालाने आखली. मुंबईच्या कापडगिरण्यांत पूर्वी नऊवारी नेसलेल्या कामगार स्त्रिया होत्या. इथल्या अभियांत्रिकी कारखान्यांत यंत्रावर स्त्रिया जवळपास नव्हत्याच. १९७४ मध्ये टेल्कोच्या जाहिरातीतील 'स्त्री उमेदवारांनी अर्ज करू नये' या ओळीविरुद्ध सुधा कुलकर्णी (पुढे मूर्ती) यांनी जेआरडी टाटांना पत्र लिहिले आणि त्यांना नोकरी मिळाली, ही हकिकत त्यांनी स्वतः लिहिल्यामुळे सर्वांना माहीत आहे. पण सर्वसाधारण कामगाराची पत्नी कारखान्याशी जोडली गेली ती स्कूटरच्या मागच्या सीटवरून. १९७२ मध्ये बजाजची चेतक आली. तिच्यावर पाचवारी नेसलेली बाई एका बाजूला पाय सोडून बसे, मांडीवर मूल, हातात पिशवी. पुढे मोटारसायकली वाढल्या, तसा उघड्या मागच्या चाकात पदर अडकण्याचा धोका वाढला. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२३वा नियम सांगतो की दुचाकीला मागे बसणाऱ्यासाठी हाताला धरण्याची सोय असावी, पाय ठेवण्याची सोय असावी, आणि त्याचे कपडे चाकात गुंतू नयेत म्हणून मागचे चाक निम्म्याहून कमी नाही इतके झाकणारे संरक्षक असावे. आपण ज्याला 'साडी गार्ड' म्हणतो ते हेच. पुरुषाचा कपडा यंत्रासाठी घट्ट झाला आणि बाईच्या कपड्यासाठी यंत्राला जाळी बसली. हा फरक सन्मानाचा की दुर्लक्षाचा, यावर आमचे आणि आमच्या सहकारी प्राध्यापिकांचे एकमत कधीच झालेले नाही.

मग स्त्रिया स्वतः दुचाकी चालवू लागल्या. त्याच १९७२ मध्ये कायनेटिकची लूना आली होती आणि १९८४ नंतर कायनेटिक होंडा आली. येथे इतिहासाने एक थट्टा केली. वास्तविक घोड्यावर, शेतात, होडीवर, कुठेही पाय टाकून बसायला मराठी स्त्रीचा सर्वांत सोयीचा पोशाख म्हणजे कासोट्याची नऊवारी. परंतु वाहन हाती आले तोवर शहरी घरांनी नऊवारी जुनाट ठरवून पाचवारी पत्करली होती. मग गाडीसाठी उत्तरेकडचा पंजाबी ड्रेस घ्यावा लागला, आणि त्यावरून चिंचवड-निगडीच्या घराघरांत सासू-सुनांचे जे वाद १९८० आणि १९९० च्या दशकांत झाले त्यांत तेच क्रियापद होते : लग्न झालेल्या बाईला हे शोभते का? बहुतेक घरांत तडजोड एकसारखीच झाली. ड्रेस चालेल, पण ओढणी हवी. आणि सणाला साडी. गंमत अशी की आज पाडव्याच्या शोभायात्रेत मुली मोटारसायकलवर बसतात त्या नऊवारीत आणि फेट्यात. मात्र ती नऊवारी शिवलेली असते, कमरेला हूक लावून पायांत चढवायची. नेसणे गेले आणि घालणे आले. तिच्या नावातली वाराची मोजणी तेवढी उरली.

चाकणचा टप्पा याहून अलीकडचा. २००९ मध्ये फोक्सवॅगनचा कारखाना तिथे सुरू झाला. मर्सिडीज-बेंझ त्याच सुमारास आली. काही परदेशी कंपन्यांत वरिष्ठ अधिकाऱ्यापासून प्रशिक्षणार्थीपर्यंत सर्वांना एकच गणवेश असतो आणि त्याचे कौतुक व्यवस्थापनाच्या पुस्तकांत पुष्कळ वाचायला मिळते. अनेक कारखान्यांत मात्र कायम कामगारांचा रंग एक, कंत्राटी कामगारांचा दुसरा आणि शिकाऊ मुलांचा तिसरा. उपाहारगृहाच्या रांगेत दुरूनही कळते की कोणाची नोकरी उद्या जाऊ शकते. ज्या गणवेशाने पारावरची ओळख पुसली, त्यानेच दुसरी ओळख लिहायला घेतली, असे म्हणावे लागते. लग्नाच्या बाजारात 'पर्मनंट' या शब्दाला जे मोल आहे ते आता शर्टाच्या रंगावरून वाचता येते. आमच्या त्या विद्यार्थ्याचे वडील घरी येताना टी-शर्टावर दुसरा शर्ट चढवून येतात, असे तो एकदा सहज बोलून गेला. आम्ही कारण विचारले नाही. दुसरीकडे पिंपरीत टाटा मोटर्सच्या कारखान्यात अलीकडच्या वर्षांत हॅरियर आणि सफारी या गाड्यांच्या जुळणीची एक पूर्ण लाईन हजाराहून अधिक स्त्रिया चालवू लागल्या, आणि शर्ट-पँट, सुरक्षेचे बूट हा वेश मराठवाड्यातून आलेल्या एकोणीस-वीस वर्षांच्या मुलींचा रोजचा वेश झाला. गावी गेल्यावर त्या काय घालतात, आणि कोण काय म्हणते, हे त्यांच्यापैकीच कोणीतरी लिहील तेव्हा मराठीला एक नवे आत्मकथन मिळेल.

आमचे वडील २००४ मध्ये निवृत्त झाले. १९७१ पासून तेहेतीस वर्षे त्यांनी गणवेश घातला होता. धुलाई भत्त्यासकट त्याचा हिशेब ते चोख ठेवत. निवृत्तीनंतरच्या पहिल्या सोमवारी सकाळी ते नेहमीच्या वेळी उठले, आंघोळ केली आणि कपाटासमोर उभे राहिले. कपाटात लग्नाकार्यात घालायचा एक सफारी होता, घरात वापरायचे लेंगे होते, आम्ही भावंडांनी वेळोवेळी भेट दिलेले, घडीही न मोडलेले तीन-चार शर्ट होते. त्यांतले एकही त्यांनी घेतले नाही. जुन्या गणवेशाचा शर्ट काढला, आईकडून ब्लेड मागून खिशावरची कंपनीची खूण उसवली आणि तो घालून भाजी आणायला गेले. खूण होती तेवढी जागा बाकीच्या कापडाहून गडद राहिली होती. जिथे ऊन पोहोचले नव्हते तिथला मूळ रंग तेवढा उरला होता. पुढे कित्येक महिने त्या चौकोनासह ते वावरले. आम्हाला लाज वाटे. आम्ही त्यांना म्हणालो, "दादा, आता तुम्हाला हे शोभत नाही." आज हे वाक्य लिहितानाही हात अडखळतो.

पाडव्याच्या आधी ते स्वतःहून म्हणाले की शर्ट शिवायचा आहे. पिंपरी कॅम्पातून कापड आणले. तासभर ताग्यांमागून तागे उलगडायला लावून शेवटी फिक्या पिस्त्याच्या रंगाचे घेतले. आमच्या घरी त्या रंगाचा कपडा तोवर कोणी घातला नव्हता. मग आम्ही त्याच चिंचवडगावातल्या शिंप्याकडे गेलो. तो म्हातारा झाला होता, मुलगा दुकान पाहत होता, पण वही तीच होती. म्हाताऱ्याने विचारले, "कसा शिवू?" आणि सवयीने उत्तरासाठी आमच्याकडे पाहिले. आम्ही वडिलांकडे पाहिले. ते जरा वेळ थांबून म्हणाले, "दोन खिसे. झाकणाचे. डाव्या खिशाला पेनाची पट्टी. बाही अर्धी, पण कोपरापर्यंत. आणि खांद्यात जरा सैल सोड, हात वर घ्यावा लागतो." हात वर कशासाठी घ्यावा लागतो, हे शिंप्याने विचारले नाही. त्याने वहीतले जुने पान काढले, मापे खोडून नवी लिहिली आणि खाली शेरा टाकला : कंपनीसारखाच, रंग वेगळा.